मूळघराची बाधा

दिवाळे गावात धर्मराजला सगळे शेठ म्हणत. पुतळा मात्र त्याला धर्मा म्हणायची, तेही तोंड वाकडं करून. ती त्याच्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शेंबडा होता. आता गळ्यात जाड साखळी आली, चार इमारती उभ्या राहिल्या, अक्कल तेवढी तेव्हाचीच राहिली, असं तिचं स्पष्ट मत होतं.

वाटणीत मोक्याच्या जागा धर्माने घेतल्या आणि पडकं मूळघर विधवा वहिनीच्या गळ्यात मारलं. कुळाचे देवही तिथेच राहिले. "देव भाडं देत नाय, म्हनून माज्याकडं ठेवले," पुतळा म्हणायची. ती राहायची मुलाच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये. गॅलरीत बोंबील वाळत घातले की सोसायटी नाक मुरडायची, आणि तेच लोक हॉटेलात जाऊन बोंबील फ्राय चाटूनपुसून खायचे. पुतळाला त्यांची किळस आली. मरायचं तर आपल्या ओट्यावर, असं ठरवून तिने मूळघराच्या भिंती लिंपल्या, वाळवी लागलेले वासे बदलले, दारं बसवली. राहिलं होतं फक्त छप्पर.

नेमकं तेव्हाच धर्माला वाटलं, पाचवी इमारत इथेच शोभेल. वहिनी ऐकेना. मग या दीडशहाण्याने गावभर उठवून दिलं की मूळघराला बाधा आहे, माळ्यावर कुणीतरी चालतं. मिशा पिकलेली माणसं, पण त्यांनीही मान डोलावली. कौलं बसवणारा गंगाराम अर्धं छप्पर उघडं टाकून पळाला. दुसरा कुणी शिडीला हात लावेना.

"माल्यावर उंदीर चालतान, आनि खाली तुमच्यासारके बैल," पुतळाने सुनावलं. पण आतून ती धास्तावली होती. पावसाआधी कौलं चढली नाहीत तर मातीच्या भिंती बसणार, आणि मग जागेसाठी धर्माला तोंडही उघडावं लागणार नव्हतं.

तेवढ्यात धर्माच्या मुलीचं, जागृतीचं लग्न ठरलं. हळदीआधी नवरीला मूळघरात देवांपुढे बसवायचं, ही कुळाची रीत. शेठने देव बंगल्यात आणायची भाषा केली, तर त्याची बायकोच अंगावर आली. देव हलवले तर मी मांडवात येणार नाही, म्हणाली. इकडे बाधेची आवई व्याह्यांपर्यंत पोचली होती. ते येऊन अडून बसले. आमची होणारी सून भुताच्या घरात बसणार नाही, आणि देवांशिवाय हळद नाही. करावे तसे भरावे.

धर्मा मुकाट वहिनीकडे आला. "वैनी, तुमी सांगा ना त्यांना, घर चांगलं हाय."

"मी कशाला? भूत तुला दिसलंय. तूच सांग. सगल्यांसमोर, ओट्यावर उबा राहून. आनि गंगारामला बोलव."

दुसऱ्या दिवशी व्याही आले, निम्मं गाव जमलं. शेठ ओट्यावर उभा राहिला. "बाधाबिधा काय नाय," तो पायाकडे बघत म्हणाला. "जागा पायजे होती, म्हनून मीच उठवलेली."

बायका पदराआड हसल्या. व्याह्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हळदीला होकार दिला. गंगाराम कौलं उचलायला लागला.

पुतळा आत गेली, खराटा घेऊन आली आणि दिराच्या हातात दिला.

"हलद हाय ना? वरचा माला झाडून काड. भूत भेटलं तर हाक मार."

साखळी शर्टात कोंबून शेठ शिडी चढला.