असोद्यापर्यंतचा उजेड

माझी थोरली बहीण, आमची अक्का, असोद्याला राहते आणि मी जळगावात. मध्ये पाचेक किलोमीटरचा रस्ता आणि केळीचे मळे. मी आयुष्यभर मिक्सर, पंखे आणि कूलर दुरुस्त करत आलो. दुकान बंद करून घरी आलो की जेवायच्या आधी अक्काला फोन करायचा, हे कित्येक वर्षांचं ठरलेलं. बोलणं तरी काय, तर भाजी काय केली, नळाला पाणी आलं का, शेजारणीच्या सुनेनं आज कुठला नवा घोळ घातला. रुपयात पंधरा आणे तीच बोलायची. मी हं हं करत शेव खात बसायचो. बायको म्हणायची, तुम्ही फोनवर बोलता की बैलाला हाकलता?

मग अक्काचे कान गेले. एका दिवसात गेले नाहीत, आमच्या फ्यूज होणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटसारखे मिचमिच करत गेले. फोनवर नुसतं "काय? काय रे?" चालायचं आणि मग चिडून ती फोन ठेवून द्यायची. कानाचं मशीन घेऊन दिलं, तर त्यात शिट्टी वाजते म्हणून तिनं ते काढून पोळपाटाच्या मागे ठेवलं. व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर मला रोज तिच्या घरच्या पंख्याचं दर्शन व्हायचं, तिचं नाही. मेसेज वाचायला शिकवलं. तिथे नातेवाइकांनी सकाळ-संध्याकाळ गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवून तिला इतकं पिडलं, की तिनं फोनच कपाटात साड्यांखाली टाकला. त्यात तिची चूक नव्हती, मीही टाकला असता.

रविवारी मी जात होतोच. पण रोज संध्याकाळी मोटारसायकल काढायला बायकोनं बंदी घातलेली, एकदा अंधारात गाडीसकट खड्ड्यात पडलो होतो म्हणून. आणि खरं सांगू का, भाजी काय केली एवढं विचारायला कोणी पाच किलोमीटर जातं का? असली बोलणी रोजचीच असावी लागतात. आठवड्याची साठवून ठेवली की त्यांची चव जाते.

अशाच एका रविवारी गेलो तर अक्का ओट्यावर बसलेली, हात मांडीवर. आख्खी दुपार ती बोललीच नाही. ज्या बाईनं माझ्या भटजी नसलेल्या लग्नातही भटजीपेक्षा जास्त बडबड केली, विहारातल्या भंतेजींनाही मध्येच थांबवलं, ती गप्प. मी तोंडासमोर जाऊन, ओठ हलवून विचारलं, काय झालं?

"ऐकूच येत नाही, तं बोलू कायले?"

एवढंच म्हणाली आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसली. मला भीती वाटली. कान गेल्याची नव्हे, ही अशीच हळूहळू मुकी होऊन जाईल याची. परतीच्या रस्त्याला मी एकटाच बडबडत आलो.

कान गेले, पण डोळे तर शाबूत आहेत ना! आमच्या वॉर्डात जयंतीच्या मिरवणुकीची लायटिंग मीच करतो, त्यामुळे अंधारात माणसाला काय दिसतं ते मला कळतं. माझी गच्ची तिसऱ्या मजल्यावर. दिवसा तिथून असोद्याची पाण्याची टाकी दिसते, आणि टाकीच्या डाव्या अंगाला अक्काच्या घराची गच्ची असणार, हे मी नजरेनं मापून घेतलं. तिथपर्यंत उजेड पोचवायचा. दिवा लागला की समजायचं, भाऊ घरी आला.

बायकोनं कपाळावर हात मारला, पण तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा तिनंच काढून दिला.

आता डब्यात नुसता बल्ब लावून भागत नाही. उजेड चहूकडे पसरतो आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीवरच संपतो. त्याला एका रेषेत धरायला मोठं भिंग लागतं. ते मला भंगारवाल्याकडे मिळालं. पूर्वी शाळा-कॉलेजात भिंतीवर अक्षरं मोठी करून दाखवायचं एक यंत्र असायचं. त्यातली चौकोनी, सपाट, प्लास्टिकची काच. तिच्यावर बारीक बारीक वर्तुळं कोरलेली असतात आणि ती जाड भिंगाचंच काम करते. डब्याच्या तोंडाच्या मापाची कापून बसवली. तळाशी एलईडी. पहिल्यांदा मी हावरटासारखा बिस्किटाएवढा मोठा एलईडी लावला. म्हटलं, जितका मोठा तितका लांब जाईल. कसलं काय! समोरच्या बिल्डिंगवर पोळीएवढा नाही, सतरंजीएवढा उजेड पडला. दोन-चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की भिंगाला मोठा नाही, बारीकच दिवा लागतो. मग मसुरीच्या दाण्याएवढा, पण तिखट एलईडी आणला. तो तापू नये म्हणून त्याच्यामागे जुन्या कॉम्प्युटरमधला ॲल्युमिनियमचा ठोकळा लावला, आणि मोटारसायकलच्या बॅटरीवर जोडलं. दिवा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत सरकवत एकदाचा उजेड असा बारीक आणि सरळ झाला, की मी गच्चीवरच एक उडी मारली. गुडघ्यानं दुसरी मारू दिली नाही.

आणि मग जळगावच्या माणसानं जे करायचं तेच केलं. आमच्याकडे ऊन फुकट आहे, त्यामुळे ते वाया घालवणं आम्हाला पाप वाटतं. मिरच्या, गाद्या, डाळी, ओली चप्पल, जे दिसेल ते उन्हात. बायकोनं त्या दिवशी गच्चीवर बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. मी डब्याच्या फटी लांबीच्या लगद्यानं बुजवल्या होत्या आणि ती लांबी वाळावी म्हणून डबा ऐन मे महिन्याच्या दुपारी, तोंड आभाळाकडे करून, बिबड्यांच्या शेजारी ठेवून दिला. खाली येऊन मस्त झोपलो.

उठलो ते बायकोच्या हाकेनं. गच्चीवर जळका वास येत होता. मी आधी बिबड्यांकडे बघितलं, म्हटलं हिचेच काहीतरी करपले. बिबडे ठणठणीत होते. डब्यातून मात्र धुराची बारीक रेघ निघत होती. जो नेम मी इतका बिनचूक साधला होता, त्याच नेमानं सूर्य आत शिरून नेमका माझ्या दिव्यावर बसला होता. मसुरीच्या जागी कोळसा. मी सूर्याला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. बायको हसून हसून पायरीवर बसली. आख्ख्या गच्चीवर तुमचंच तेवढं करपलं, म्हणाली.

नवा दिवा लावला. यावेळी लांबी सावलीत वाळवली आणि डब्याला गोधडीचं झाकण शिवून घेतलं. दिवसा डब्यावर पाइपचा तुकडा बांधून, त्यातून एक डोळा मिटून, टाकीच्या डाव्या अंगावर नेम धरला आणि डबा तसाच कठड्याला आवळून टाकला.

रविवारी जाऊन अक्काला समजावलं. उद्या दिवेलागणीनंतर गच्चीवर ये, माझा दिवा दिसला की तुझा टॉर्च हलव. तिनं मान हलवली. तिला कळलं म्हणून हलवली, की माझं मन राखायला, देव जाणे, आणि देव तर आम्ही मानत नाही.

सोमवारी अंधार पडताच दिवा लावला. उजेडाची बारीक काठी केळींवरून सरळ निघून गेली. उघडझाप कशी करायची याची सोय मी विसरलोच होतो. मग बायको परात घेऊन पुढे उभी राहिली. परात आडवी आली की अंधार, बाजूला झाली की उजेड. आम्ही दोघं असोद्याकडे बघत राहिलो. तिकडे गावाचे शंभर दिवे लुकलुकत होते. त्यात अक्काचा टॉर्च कुठला, काही कळेना. बायकोचे हात भरून आले. मी चरफडत खाली आलो आणि त्या दिवशी शेवभाजीसुद्धा गोड लागली नाही. एवढा खटाटोप करून मी फक्त अंधारात ओरडलो होतो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अक्का. एकटी, बसनं आलेली, घामाघूम. आत येऊन पाणीसुद्धा न पिता सुरू झाली. आख्खी गल्ली तिच्या गच्चीवर चढली होती म्हणे. एक म्हणाला पोलिसांचा दिवा, शेजारणीची सून म्हणाली विमान. अक्कानं सगळ्यांना सुनावलं, की माझा भाऊ दुकानातून घरी आला, आता जेवील. आणि ते मध्ये मध्ये झाकत कोण होतं? बायकोनं परात उचलून दाखवली. परात होती? मग बायकोला असं ताटकळत उभं करतात का रे? ती बोलतच होती. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरून उभा होतो.

मग मी तोंडासमोर जाऊन विचारलं, टॉर्च हलवला होतास का? आम्हाला दिसला नाही.

"हात दुखेपर्यंत हलवला. पन तू मोठा दिवा सोताकडेच ठेवला ना! तू एकटाच बोलशीन का? मले बी काही सांगायचं अस्ते."

बरोबर होतं तिचं. माझं तिच्यापर्यंत पोचावं एवढाच विचार मी केला होता. आठवडाभरात तिचाही डबा तयार केला, त्याला आठवणीनं बटण लावलं आणि तिच्या कठड्याला आवळून आलो. दोघांची खूण ठरवली. एकदा उघडझाप म्हणजे जेवण झालं, दोनदा म्हणजे सगळं बरं आहे.

त्या संध्याकाळी मी दोनदा उघडझाप केली. केळींच्या पलीकडून लगेच एक पांढरा ठिपका पेटला. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. विझायचा, पेटायचा, लांबच्या लांब पेटायचा, घाईनं विझायचा. ठरलेल्या खुणांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बायकोनं उत्तर द्यायला परात उचलली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, थांब, परात खाली ठेव. तिचं अजून संपलं नाही.