कारणाचा रकाना

मी आज जो काही आहे त्यात सर्वांत मोठा वाटा राजय्या अण्णांचा आहे, हे आधीच लिहून ठेवतो. नंतर लिहिण्याच्या ओघात राहून जायला नको. ते सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. माझे वडील दुधनीच्या बाजारात हमाल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि कॉलेजची तिन्ही वर्षं मी अण्णांच्या घरी, माडीवरच्या खोलीत राहिलो. दीड महिन्यापूर्वी सकाळी अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, पुण्याला फोन आला. "मल्लू, अण्णा गेले बघ. चहा मागितला होता, मी घेऊन येईपर्यंत..." मग त्या म्हणाल्या, "ते तुझं मशीन हितंच हाय. तू ये."

मशीन म्हणजे मी अण्णांबरोबर जोडलेला कॉम्प्युटर. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी अण्णांच्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं. त्यांच्या घरात तेलुगू बोलत, माझ्याशी मात्र ते मराठीतच बोलायचे. फक्त 'का' हा प्रश्न त्यांनी कधी मराठीत विचारला नाही. तो कायम 'एंदुकु?' असाच यायचा. मीठ पावसाळ्यात ओलं होतं, एंदुकु? जिन्याची तिसरीच पायरी वाजते, एंदुकु? आमच्या दुधनीकडे कानडी चालते, तेव्हा मीही गमतीने 'याक?' म्हणायचो, आणि आमच्या दोघांच्या प्रश्नांना कंटाळून अक्का स्वयंपाकघरात निघून जायच्या. कारखान्यातही त्यांची हीच तऱ्हा. माग बंद पडला की ते लगेच पाना हातात घेत नसत. विणकराला विचारायचे, शेवटचं काय बदललंस? मग मागावर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे. "अण्णा, कौल लावताय का?" असं कोणी म्हणालं तर म्हणायचे, "देव न्हाई बोलत, पर लोखंड बोलतंय की." दुरुस्ती झाली की एका लांबट वहीत नोंद. चार रकाने : मशीन, काय झालं, कारण, उपाय. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कारणाच्या रकान्यात ते काही लिहीत नसत.

मी शेवटच्या वर्षाला असताना प्रोजेक्ट करायचा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनच तास मिळायचे. तेवढ्यात ते काम होणार नव्हतं, आणि प्रोजेक्ट नाही तर पदवी नाही. म्हणून मी जुने सुटे भाग जमवले. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून कॅबिनेट आणि मदरबोर्ड, एका मित्राकडून हार्ड डिस्क. अण्णांना हे कळल्यावर त्यांनी सुट्टीचा अख्खा दिवस मला दिला. त्यांनाही ते शिकायचं होतं. कारखान्यात नवे माग येणार होते, बटणांचे, पडद्याचे. तिथली तरुण मुलं त्यांना चिडवायची, "अण्णा, तुमचा जमाना धोट्याच्या मागाबरोबर गेला." अण्णा हसायचे, पण मला एकदा म्हणाले होते, "ह्या डब्यात काय चालतंय ते कळलं, तर त्या मागातलं बी कळंल. मग गल्लीत एक दुकान टाकायचं."

त्या दिवशी मी खाली चहा आणायला गेलो. वर येईपर्यंत अण्णांनी कॅबिनेटच्या पत्र्यात पितळी स्टँड पिळून बसवले होते. स्टँड म्हणजे हरभऱ्याएवढे खुंट. बोर्ड त्यांच्यावर टेकतो आणि पत्र्याला लागत नाही. मी बोर्ड ठेवला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. अक्कांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं. बटण दाबलं. पंखा पाव वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अण्णांचा चेहरा मात्र उजळला होता. "हलला न्हवं? म्हंजे जीव हाय. मग थांबला एंदुकु?"

त्यानंतरचे चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांची शिफ्ट संपली की ते थेट माडीवर यायचे. अंगावर कापसाचं तूस तसंच असायचं, अक्का त्यांना जिन्यातच अडवून झटकायच्या. आम्ही एकेक भाग काढला आणि एकेक परत लावला. एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी वहीत टीप. रॅमचे पाय खोडरबराने पुसले. बटणावर संशय होता, म्हणून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने एकत्र टेकवून पाहिल्या. तरी पाव वळसाच. चौथ्या दिवशी अण्णांनी सगळा बोर्डच बाहेर काढून टॉवेलच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला. बटण दाबल्यावर पंखा गरगर फिरायला लागला. पडद्यावर अक्षरं आली. परत आत बसवला, तर बंद. "भाईर चालतंय, आत न्हाई," अण्णा स्वतःशीच म्हणत राहिले. अक्का म्हणाल्या, "मग भाईरच ठेवा की. त्या खोक्यावरच संसार मांडा." आणि तसंच झालं. माझा सगळा प्रोजेक्ट त्या उघड्या बोर्डावर, पुठ्ठ्याच्या खोक्यावर झाला. मी पास झालो. अण्णांनी पेढे वाटले. वहीत मात्र माझ्या मशीनपुढे कारणाचा रकाना कोराच होता.

ते कारण मला निकालानंतर सापडलं, त्यांच्याच पद्धतीने. शेवटी बदललेलं काय, तर फक्त जागा. मी बोर्ड उलटा करून पाहिला. मागे एका ठिकाणी बारीक चकचकीत ओरखडा होता. मग भोकं मोजली. बोर्डाला सहा, पत्र्याला सात. अण्णांनी सातही भोकांत स्टँड बसवले होते. मागाला एक बोल्ट कमी असला तर थरथरून सगळा सांगाडा ढिला होतो. भोक मोकळं ठेवायचं नाही, हे त्यांच्या हातात तीस वर्षं मुरलेलं. तो सातवा स्टँड बोर्डाला मागून टेकत होता, आणि बोर्ड आत बसवला की शॉर्ट होत होता. मी तो काढला. बोर्ड आत बसवूनही मशीन सुरू झालं.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा मी खोटं बोललो.

"एक वायर सैल होती, अण्णा."

"कुठली?"

"पॉवरची."

"ती तर मी तीनदा दाबली हुती की." त्यांनी वही उघडली, आणि काहीच न लिहिता मिटली.

मला वाटलं होतं, चूक त्यांच्याच हातची होती हे कळलं तर ते पुन्हा कॉम्प्युटरला हात लावणार नाहीत. ज्या माणसाने मला खोली दिली, दिवस दिले, त्याला मी कसं सांगणार... पण न सांगितल्यामुळेच नेमकं तसं झालं. मशीन त्यांच्याकडे ठेवून मी नोकरीला पुण्याला आलो. त्यानंतर गल्लीतलं कोणी कॉम्प्युटर दाखवायला आलं, की अण्णा त्याला परत पाठवायचे. "एकाचं कारण अजून कळलेलं न्हाई. ते कळल्याबिगर दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा न्हाई." दुकान राहिलं ते राहिलंच. मी भेटायला गेलो की जेवताना मध्येच विचारायचे, "मल्लू, ती वायर नेमकी कुठली म्हणलास?" मी विषय बदलायचो. अशी दहा वर्षं गेली.

मागच्या वर्षी ऑफिसात माझ्या हाताखालच्या एका मुलीने माझी चूक गुपचूप दुरुस्त केली. मला वाईट वाटू नये म्हणून ती काही बोलली नाही. महिन्याने कळलं, तोवर मी तीच चूक आणखी चार ठिकाणी केली होती. त्या दिवशी घरी येऊन मी अण्णांना पत्र लिहिलं. फोनवर मला बोलता आलं नसतं. पत्र पोचल्यावर त्यांचाच फोन आला. रागावले नाहीत, माफही केलं नाही. फक्त विचारलं, "सातवं भोक म्हंजे वरनं दुसऱ्या ओळीतलं का तिसऱ्या?"

दिवसकार्य झाल्यावर मी माडीवर गेलो. टेबलावर आमचं मशीन होतं आणि शेजारी आणखी एक, गल्लीतल्या कुणाचं तरी, अर्धवट उघडलेलं. अक्का म्हणाल्या, "तुझं पत्र आल्यापास्नं हे तिसरं. दोन चालू करून दिली." मी आमच्या मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरला. वही त्याच्यावरच होती. माझं पान काढलं. जुन्या फिकट शाईच्या ओळीत कारणाचा रकाना निळ्या पेनाने भरला होता : 'सातवा स्टँड. मीच घातलेला. परत घालून पाहिला, बंद. काढला, चालू. तीन वेळा पाहिले.' त्या पानात माझं पत्र घडी करून ठेवलं होतं.

*ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.*

*वायर सैल नव्हती. मी खोटं बोललो. पत्र्याला सात भोकं होती आणि बोर्डाला सहा. सातव्या भोकातला स्टँड बोर्डाला मागून टेकत होता. तो तुम्ही बसवला होता, म्हणून मी सांगितलं नाही. तुम्हाला जपतोय असं वाटायचं. खरं तर तुमच्या तोंडावर हे सांगायची माझी हिंमत नव्हती. ते कारण शोधायला तुम्हीच मला शिकवलंत, आणि मी ते तुमच्यापासूनच लपवलं.*

*माझ्या सांगण्यावर तुम्ही वहीत लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. तो स्टँड मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. या पाकिटात घातला आहे. मशीन तुमच्याकडेच आहे. घालून बघा.*

*तुमचा,*
*मल्लिनाथ*