हळद लावलेला वड

आमचे हे गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवरची त्यांची सगळी बोन्साय माझ्या हातून वाळली. उरला एक वड. बेटमा गावाच्या रस्त्याला, पडक्या विहिरीपाशी, यांनी जमिनीतच वाढायला सोडलेला. आता रस्ता रुंद करायला तिथे मशीन आलं म्हणून कळलं, तेव्हा महूच्या दिरांना फोन केला. म्हटलं, "भावजी, गाडी काढा. हा तरी मला जगवायचाय."

झाड कसं निवडायचं, हे मी जन्मभर ऐकलंय. फांद्यांना भुलायचं नाही, आधी बुंधा बघायचा. बुडाशी जाड, वर निमुळता. मुळं चहूकडून जमीन धरून बसलेली. पान लहान. मार खाऊन जगलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. "मुलगी बघायला निघालात की झाड?" असं मी चिडवायची. पण यांनी कात्री पुढे केली की माझा हात मागे.

वड अगदी तसाच होता. फक्त नको त्या फांद्या कुणीतरी छाटल्या होत्या. डावखुऱ्या हाताचे तिरके काप, चीक अजून ओला, त्यावर हळद. आमचे हे डावखुरे होते. झाडाच्या जखमेला हळद लावून लावून माझा डबा रिकामा करायचे.

"गाववाल्यांनी कापल्या असतील, वहिनी. बकरियों के लिए," दीर म्हणाले.

"बकऱ्यांसाठी कापून कुणी हळद लावतं का, भावजी?"

त्यांनी कुदळ उचलली. माझ्या अंगावर भर दुपारी काटा आला, आणि भीतीहून जास्त राग आला. डॉक्टरकडे चला म्हटलं तर यांना वेळ नसायचा. इथे यायला बरा मिळाला.

उजवीकडची एक नको ती फांदी मात्र तशीच ठेवली होती.

संध्याकाळी वड गच्चीवर कुंडीत लावला आणि दीर महूला परतले. ती फांदी मी कापली, आयुष्यात पहिल्यांदा. हळद खाली स्वयंपाकघरात होती, गुडघे दुखत होते. उद्या लावू म्हटलं आणि गच्चीला कुलूप घातलं.

सकाळी कुलूप उघडून पाहिलं तर पानं ताठ होती. माझा काप वाकडाच होता, पण त्यावर हळद लावलेली होती.

मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "जपून वापरा हो. आता एकटीपुरतीच आणते मी."