वडूजच्या अंगणातला तेरडा

माझं माहेर पाटण खोऱ्यातलं. पावसाळ्यात तिकडं तेरडा इतका माजतो की कुणी वाकून बघतही नाही. पण भाद्रपदात गौर म्हणून घरात यायची ती तेरड्याचीच, मुळासकट उपटलेली. सत्तरच्या दशकात लग्न होऊन वडूजला आले, तर इथं नजर पोचेल तिथवर माळ. सासूबाई आघाड्याची गौर करायच्या. मला ती गौर वाटेचना. नवरा पलटणीत, रुसायचं कुणावर? तेरड्याचा रंग तीन दिवस, तसा माझा रुसवाही आपसूक उतरला.

त्या वर्षी दसऱ्याला माहेरी गेले, तेव्हा निघताना तेरड्याची बोंडं पदराच्या गाठीत बांधली. चांगली टपोरी, पिकलेली निवडली, तोच शहाणपणा नडला. पिकल्या बोंडाला नुसतं बोट लागलं की ते तडकतं, साल वळकटीसारखी आवळते आणि बी उडतं. रहिमतपूरला गाडी थांबली म्हणून गाठ सोडून बघितली, तर निम्मं बी शेजारच्या आजोबांच्या धोतरावर. "पोरी, मोहरी सांडली व्हय?" म्हणत त्यांनीच वेचून दिलं.

पुढच्या पावसाळ्यात ते बी मी न्हाणीच्या पाण्याकडेला टाकलं. रोपं आली, लालसर देठांची, कातरलेल्या पानांची. फुलल्यावरच दाखवू म्हणून घरात कुणाला सांगितलं नाही. गौरी तोंडावर आल्या, तरी नुसत्या कळ्याच होत्या.

आदल्या दिवशी पाणी घेऊन आले, तर सासूबाईंनी सणासाठी अंगण लख्ख केलेलं आणि माझा तेरडा तणाच्या ढिगात पडलेला. घागर खाली ठेवून मी तिथंच रडायला लागले.

"तणासाठी रडतीस व्हय गं?"

"तण न्हाई आत्याबाई. आमच्याकडची गौर हाय ती."

एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. त्या दिवशी त्यांनी सरळ पदर खोचला. ढीग उपसून त्यांनी एकेक रोप शोधलं, मुळं धुतली आणि कळशीत उभी केली. तेरड्याचं खोड पाण्यानं भरलेलं असतं. तो जशी पटकन मान टाकतो, तशी पटकन उचलतोही. सकाळी रोपं ताठ झाली होती. एक कळी उमललीसुद्धा होती, गुलाबी, मागे बारीक वाकडी शेपटी असलेली. मला इतका आनंद झाला की चहा उतू गेला.

आमच्या सासरी गौर आत आणायचा मान घरच्या लेकीचा. नणंद नटूनथटून तयार होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "तू थांब. हिची गौर हाय, हीच आणंल." नणंद जरा हिरमुसली.

तेरडा छातीशी धरून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. गौर आणणारीच्या पायांवर दूधपाणी घालायची रीत आहे. ते नणंद घालील असं मला वाटलं होतं. पण सासूबाईच गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, माझे पाय धुतले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोण आलं गं?"

'गौर आली' एवढंच म्हणायचं असतं. मी तेरड्यात तोंड लपवलं. मग त्यांनीच उत्तर दिलं, "लेक आली."