धवला चालू असताना

आमच्या मेटल बँडचा गिटारिस्ट मला कधीच आवडला नाही, आजही आवडत नाही. वडील बँकेत, नवीन पनवेलला फ्लॅट, अंगात काळा टी-शर्ट. त्याचा सगळा विद्रोह दुकानातून आणलेला. मी नेऱ्याहून सायकल मारत यायचो. ड्रम सेट माझा नव्हता, एका बँजो पार्टीच्या मालकाचा होता. लग्नाच्या सीझनमध्ये मी त्याच्याकडे गावोगाव हळदीत वाजवायचो, त्या बदल्यात रविवारी सेट मिळायचा.

गिटारिस्टला याची लाज वाटायची. कॉलेजच्या स्पर्धेत आमची निवड झाली, तेव्हा त्याने वांद्र्याचा एक मुलगा आणला. मला म्हणाला, "तुझ्या हाताला हळदीची सवय लागलीय. तू ड्रमर नाहीस." बाकीचे आपापली वाद्यं आवरू लागले. त्यांचाही राग आहेच.

पुढे मी मिळेल तिथे वाजवलं. ऑर्केस्ट्रात, शाळेच्या कवायतीला, आपट्याच्या जत्रेत, एका सर्कशीतसुद्धा. घरी जेवताना मात्र पाय फरशीवर मेटलच वाजवायचे आणि आईची बोलणी खायचे.

मग त्याचं लग्न ठरलं, ओवे गावच्या मुलीशी. बँड कधीच मोडला होता, तो नोकरीला चिकटला होता. मुलीकडच्यांनी ठरवलेली बँजो पार्टी आमचीच निघाली. मला मांडवात पाहून तो ओशाळेल असं वाटलं होतं. कसलं काय. ऑफिसातल्या मित्रांपुढे मिरवायला त्याने गिटार मागवली, मुंडावळ्या सावरत माइक घेतला आणि म्हणाला, "हा आमचा ड्रमर. आता आमचं जुनं गाणं ऐका."

हे त्याच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं आसुसलो होतो. मी स्टिक्स उचलल्याही, आणि त्याचाच मला संताप आला.

तेवढ्यात मांडवातल्या म्हाताऱ्या धवलारणीने धवला सुरू केला. लग्नविधीची ती गाणी चालू असली की बँजो बंद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. याला वाटलं, म्हातारी उगाच काहीतरी गुणगुणतेय. त्याने गिटारवर हात मारला. ती थांबली.

"नवरदेवा, धवला संपला नाय."

सासरे उठून उभे राहिले. तो माझ्याकडे वाकून पुटपुटला, "चार ठोके दे रे, लाज राख."

मी स्टिक्स मांडीवर आडव्या ठेवल्या. म्हातारी पुन्हा गाऊ लागली. तो गिटार गळ्यात घेऊन सगळ्यांसमोर उभा राहिला. मला ते गाणं अजून पाठ होतं, वाजवायची इच्छाही होती. नाही वाजवलं.