पाण्याची जबाबदारी

आमच्या ट्रायथलॉन क्लबच्या भाभीचा मला मत्सर वाटतो. पूर्वी वाटायचा आणि आता मी सुधारले, असं काही नाही. आजही वाटतो. ती समोरून आली, की माझ्या पोटात बारीकसं दुखायला लागतं.

क्लब म्हणजे तीसेक माणसं. हिऱ्यांचे दलाल आहेत, साड्यांचे दुकानदार आहेत, दोन डॉक्टर, काही बँकवाले, आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवणारी मी. दर रविवारी उजाडताना तापीत पोहायचं, तिथूनच सायकली काढून डुमसच्या रस्त्याला लागायचं आणि शेवटी धावायचं. हा सगळा कारभार कतारगामच्या दोन जावा चालवतात. थोरली ती भाभी, सगळ्या क्लबची भाभी. धाकटी सायकलवाली, बोलणं कमी आणि पाय चालूच. दोघींची घरं वरखाली, स्वयंपाक एकत्र. मला आमच्या गोडादऱ्याहून निघून नदीवर पोचायला अर्धा तास लागतो. तरी सगळ्यात आधी मीच हजर असते, कारण उशीर झाला तर भाभीला माझी काळजी करायची संधी मिळते.

आता माझ्या पोटात का दुखतं ते सांगते. या बाईला पोहायला मी शिकवलं.

पालिकेच्या तरणतलावावर बायकांची दुपारची वेळ असते. तिथे ती पहिल्यांदा आली तेव्हा तीन आठवडे तिने कडेचा दांडा सोडला नाही. मी लहानपणी आजोळी, खानदेशात, विहिरीत शिकले. मामांनी पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. आमच्याकडे पोहणं असं अंगात शिरतं. हिला मात्र एकेक बोट सोडवत शिकवावं लागलं. "टीचर, हाथ नहीं छोडता हो," हात सोडू नका हं, असं म्हणत माझं मनगट इतकं धरायची की वळ उठायचे. डोकं पाण्यात घालायचं म्हटलं की हिच्या डोळ्यांत पाणी. शेवटी मी तिला रोज एक, असं पाण्याखाली आकडे मोजायला लावलं. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, मग घाबरून पुन्हा एक. वीसपर्यंत पोचलो तेव्हा उन्हाळा संपला होता.

आणि दोन वर्षांत ही बाई क्लबची प्रमुख. मी कोण, तर "टीचर पण छान पोहतात हं". 'पण' म्हणजे काय? साऱ्या क्लबात पाण्यात माझ्यापुढे कुणी जात नाही, पुरुषसुद्धा नाही. पण लोकांना काय हवं असतं ते मला कधी जमलंच नाही. भाभीला कुणाच्या सासूचा गुडघा बदलला ते माहीत. कुणाची मुलगी बारावीला, कुणाचं दुकान सध्या चालत नाही, कुणाला पाण्यात शिरताना छातीत धडधडतं, सगळं माहीत. ती सगळ्यांच्या शेवटी पोहते, सगळ्यांच्या शेवटी धावते आणि मागे पडलेल्याशी गप्पा मारत येते. हळू पळते म्हणून मागे राहते, मेली, आणि लोकांना वाटतं माया आहे. हे मी नवऱ्याला म्हणायचे. तो पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मास्टर आहे, दिवसभर रंगाच्या वाफेत उभा असतो. तो म्हणायचा, "तुले काय करनं शे?" आणि कूस बदलायचा.

भाभीने एक पद्धत घालून दिली होती. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी ओवाऱ्याच्या, म्हणजे घाटाच्या, पहिल्या पायरीवर एका ओळीत चपला काढायच्या. बाहेर आलं की आपापल्या घालायच्या. निघण्याआधी ती पायरी बघायची. पायरी रिकामी, म्हणजे नदी रिकामी. मी हसले होते तेव्हा. म्हटलं, शिट्ट्या आणा, हजेरीची यादी करा, हे काय देवळात आल्यासारखं! तिने ऐकून घेतलं आणि चपलाच ठेवल्या. बरोबरीने एक नियमही तिनेच केला: न सांगता दुसऱ्या ओवाऱ्याने कुणी बाहेर पडलं, तर त्याचा क्लब त्या दिवसापासून संपला. एका तरुण वकिलाला तिने तसं खरोखरच काढलं होतं, हात जोडून, पण काढलं होतं.

त्या हिवाळ्यात क्लबने स्वतःची छोटी ट्रायथलॉन ठरवली. सायकलचं धाकटीकडे, धावण्याचं एका डॉक्टरकडे. राहिली पाण्याची जबाबदारी. आजवर तीही भाभीच बघायची. आता वेगळं माणूस नेमायचं होतं, आणि नुसतं स्पर्धेपुरतं नाही, पुढच्या सगळ्या रविवारांसाठी. कुणी उतरायचं, कुणी नाही, कुठवर जायचं, सगळं त्या माणसाच्या शब्दावर. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, एवढं काही मला लग्नानंतर हवंसं वाटलं नव्हतं. शाळेत मी बदली शिक्षिकेसारखी वीस वर्षं काढली, मुख्याध्यापिका होता होता राहिले. इथे तरी एक जागा अशी होती की जिच्यासाठी माझ्याइतकं लायक कुणी नव्हतं. मी मनात भाषणसुद्धा तयार केलं होतं, गुजरातीत.

रविवारी ओवाऱ्यावर भाभी म्हणाली, "पाण्याचं मी सध्या धाकटीकडेच देते. तिचं लक्ष सगळ्यांवर असतं. टीचर तर पुढे निघून जातात, बिचाऱ्या मागे वळून कधी बघणार?"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, हे आज कळतं. पण त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरातलं घरातच वाटून घेतलं! ज्या बाईला मी नाकातोंडातलं पाणी काढून शिकवलं, ती मला चार लोकांत बिचारी म्हणते! मी चपला काढल्या, ओळीत ठेवल्या आणि कुणाशी न बोलता पाण्यात शिरले.

कॉजवेच्या बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला तापी तळ्यासारखी स्वस्थ असते. मी ठरलेल्या खुणेपाशी वळलेच नाही. तशीच पुढे गेले, वळणापलीकडच्या ओवाऱ्याला लागले आणि बाहेर पडले. कमरेला बांधायची तरंगती पिशवी असते आमची, तिच्यात फोन आणि एक कुडता मावतो. कुडता चढवला, अनवाणीच रस्त्यावर आले, रिक्षा केली. सायकल राहिली तिकडे. राहू दे म्हटलं, आणून देतील झक मारत.

अर्ध्या रस्त्यात फोन वाजला. भाभी. मी आवाज बंद केला. पुन्हा वाजला. मग धाकटी, मग डॉक्टर, मग परत भाभी. घरी येऊन आंघोळ केली, चहा केला, तोवर फोनवर सतरा नावं साचली होती. आणि मला काय वाटलं? आनंद झाला. आता कळली ना किंमत, आता करा मनधरणी. मी चहात बिस्कीट बुडवून निवांत खाल्लं. चपलांची ओळ माझ्या डोक्यात आलीच नाही. खरंच आली नाही, की येऊ दिली नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मग नवऱ्याचा फोन आला. रविवारीही त्याची पाळी असते, आणि पाळीत तो कधी फोन करत नाही.

"तू कोठे शे?" त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"घरमा शे."

मागे मशीनचा आवाज तेवढा येत राहिला. मग म्हणाला, "क्लबना लोक नदीमा शोधी राहिन्यात तुले." आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला रडताना ऐकलं.

मी होते तशी रिक्षा करून परत निघाले. ओवाऱ्यावर सगळा क्लब उभा होता. दोन नावाडी बांबूने तळ चाचपत होते. धाकटी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हाका मारत होती, "बस करो, भाभी, बहार आवो!" आणि भाभी नदीत बुड्या मारत होती. जिला वीस आकडे मोजायला एक उन्हाळा लागला ती बाई, त्या गढूळ पाण्यात, डोकं आत घालून, मला शोधत होती. कुणीतरी सांगितलं, तासाभरापासून चालू आहे, ऐकत नाही.

मला बघून आधी धाकटी किंचाळली. मग भाभी बाहेर आली. ओठ काळेनिळे, केसांत शेवाळ, दात वाजत होते. तिने मला बघितलं. माझा वाळलेला, विंचरलेला अंबाडा बघितला. मी आंघोळ करून आले होते, हे कुणाही बाईला कळलं असतं.

डॉक्टर ओरडले, "टीचर, होतात कुठे तुम्ही?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी भाभी बोलली. "मारी भूल छे. मला सांगून गेल्या होत्या, आज पलीकडून निघते म्हणून. माझ्याच डोक्यातून गेलं."

मग जे सगळे तिच्यावर तुटून पडले! अहो भाभी, हद्द झाली, त्यांच्या मिस्टरांना फोन करून बसलो आम्ही, त्या बिचाऱ्या माणसाचं काय झालं असेल! प्रमुख बाईच असं विसरली तर भरवसा कुणावर ठेवायचा! ती मान खाली घालून केस पिळत होती. एक शब्द तिकडून नाही, आणि एक शब्द इकडून नाही. मला काढायला लागू नये म्हणून ती खोटं बोलली, हे माझ्याशिवाय तिथे फक्त धाकटीला कळलं असावं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी नदीकडे.

लोक पांगल्यावर मी टॉवेल घेऊन भाभीजवळ गेले. ती म्हणाली, "डोकं आत घालायला तुम्ही शिकवलंत, टीचर, म्हणून आज उतरता आलं." टोमणा असता तर बरं झालं असतं. मी फार शोधला त्या वाक्यात टोमणा, सापडला नाही. आणि त्याही वेळी, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकताना, माझ्या मनात आलं की हिच्या जागी मी असते तर मी पहिल्या बुडीनंतर बाहेर आले असते. त्याचासुद्धा मला मत्सर वाटला. सगळं मेलं हिलाच कसं जमतं?

आठवडाभर मी ठरवत होते. रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे. रविवारी पोचले, तर माझ्याआधी सगळे जमलेले. डॉक्टर पुढे आले. म्हणाले, गेल्या वेळच्या प्रकारानंतर आम्ही बोललो आपापसात. पाणी त्या घरात ठेवणं आता बरं नाही. विसरण्याचा खेळ नाही हा. पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं, आणि तुम्ही तर बिचाऱ्या सांगून गेला होतात. आजपासून पाण्याची जबाबदारी तुमची.

धाकटी पाठ फिरवून सायकलची साखळी पुसत होती. टाळी सगळ्यात आधी भाभीने वाजवली.

मी म्हटलं, "बरं."

संध्याकाळी नवरा पाळीवरून आला. हातपाय धुतले, ताटावर बसला, आणि भाकरी मोडता मोडता विचारलं, खरं सांगितलंस ना त्यांना? मी त्याला आमटी वाढली. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

त्यानंतर दोनदा हिवाळा आला. त्याने पुन्हा विचारलेलं नाही.