लोखंडे, कॅचर

माझी सध्याची पोस्टिंग सिंगापूरला, सेम्बावांग. ऑर्डर मुलीने काढली. नववा मजला, बाल्कनीत चार कुंड्या, आणि ड्यूटी म्हणजे नात रेवा शाळेतून आली की तिला दूध देणे. मी पायदळातला निवृत्त सुभेदार. सव्वीस वर्षं नोकरी केली आणि आता साठीला टेकल्यावर दुधाचा ग्लास खरंच रिकामा झाला की बेसिनमध्ये गेला, यावर पहारा ठेवतो. तक्रार नाही. थकवा आहे, आणि तो इथल्या दमट हवेचा नाही एवढं मला ठाऊक आहे.

रेवा शाळेच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळते. तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा एक खेळ आहे. बेसबॉल खेळणाऱ्या अमेरिकन लोकांची नावं घ्यायची आणि त्यांच्याशी खेळायचं. कुणाच्या नावात जनावर सापडतं, कुणाच्या नावात फळ, दोघांची नावं जोडली की एखाद्या हॉटेलची पाटी तयार होते. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घेतलं की आऊट. बसमध्ये, लिफ्टमध्ये, जेवताना, अखंड चालू. मलाही आग्रह झाला. मी उठून बाल्कनीत गेलो.

"आजोबा सो सीरियस लाह," रेवा इथल्या इंग्रजीत म्हणाली. मुलीने तिला समजावलं की आजोबांना असले खेळ कळत नाहीत.

असला खेळ मी अठरा हजार फुटांवर चालवलेला आहे. आऊटचा नियमसुद्धा हाच होता. घरात आजवर सांगितलं नाही. आता लिहितो, कारण एका मुलीने हे सगळं वेळेसकट लिहून मागितलं आहे.

चोवीस वर्षांपूर्वी मी हवालदार होतो. आमची पलटण उत्तरेला एका हिमनदीवर होती. मी ज्या चौकीवर होतो तिथे आम्ही सात जण. आमच्या वर, दोरावरून दोन तासांच्या चढावर, एक निरीक्षण चौकी. तिथे दोघं असत. आमच्यात आणि त्यांच्यात टेलिफोनची एक तार. दिवसा दर तासाला वरून रिपोर्ट यायचा. रिपोर्ट म्हणजे एक शब्द, ओके. मग आम्ही तो पुढे कळवायचो.

दिवस सगळे सारखे. सकाळी बर्फ फोडायचा, स्टोव्हवर वितळवायचा, त्याचंच पाणी प्यायचं, त्यातच डबाबंद भाजी उकळायची. भूक कुणालाच नसे. डोकं सगळ्यांचंच दुखे. तिथे माणूस कामासाठी तंबूबाहेर पडतो आणि कशाला बाहेर आलो ते विसरून उभा राहतो. हवा विरळ, मेंदूला पुरत नाही. वर चढण्याआधी डॉक्टर साहेबांनी आम्हाला तासभर समजावलं होतं. डोकेदुखी, उलटी, झोक जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं काही वाढताना दिसलं तर वाट बघू नका, माणूस खाली आणा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

खेळ मी सुरू केला. ओके हा शब्द माणूस झोपेतही बोलतो. मला रिपोर्टमध्ये असं काहीतरी हवं होतं ज्याला डोकं लागेल. म्हणून ठरवलं की ओके झाल्यावर खालून मी एक विषय द्यायचा, जनावर, धातू, रंग, आणि वरच्याने त्या विषयात बसणारं एखाद्या खेळाडूचं आडनाव सांगायचं. तीन आऊट झाले की खाली आल्यावर चार दिवस बर्फ वितळवायचं काम त्याचं. कॅप्टन साहेबांना विचारलं. त्यांना कल्पना पसंत पडली. पोरांची डोकी जागी राहतील, म्हणाले.

क्रिकेटची नावं दोन दिवसांत संपली. तेव्हा लान्स नायक धनाजी शेवाळे म्हणाला, माझ्याकडे बेसबॉलची आहेत.

धनाजी सांगलीकडचा. वय सत्तावीस. त्याच्या शाळेत एक ड्रिल मास्तर होते, त्यांनी कुठून तरी एक बॅट आणि तीन ग्लोव्ह मिळवून पोरांना बेसबॉल शिकवला होता. धनाजी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पलटणीत या खेळाची कुणाला गंधवार्ता नव्हती. क्रिकेटवाली पोरं त्याला म्हणत, फुलटॉस टाकून पगार घेणारा तूच रे. तो चिडत नसे. त्याला आपल्या टीमची आणि तालुक्या-तालुक्यांतून विरुद्ध खेळलेल्या टीमची मिळून पन्नासएक आडनावं पाठ होती, कोण कुठे उभा राहायचा त्यासकट. आमच्यासाठी ते सगळे नामवंत खेळाडू झाले. पिठल्याचा विषय निघाला की थर्ड बेसवरचा दहीभाते आठवायचा. आम्ही न बघितलेल्या माणसांवर भांडायचो. कोल्ह्याला सेकंड बेसवर ठेवला तर तो कोंबडेंना धावू देईल का, यावर एकदा अर्धा तास वाद झाला. हसून हसून छाती दुखली. तिथे हसायलाही दम लागतो.

वर जायची पाळी धनाजी आणि शिपाई गायकवाड यांची आली. आठ दिवसांची ड्यूटी. सहाव्या दिवशी धनाजीचा आवाज उतरलेला वाटला. गायकवाडने सांगितलं की तो फारसं जेवत नाही, गप्प असतो. मी विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय, सगळ्यांसारखंच. मी म्हणालो, पाणी पी. सातवा दिवसही तसाच गेला.

आठवा दिवस. हवा स्वच्छ. सकाळी सात वाजता रिपोर्ट आला, ओके. मी विषय दिला, जनावर. "कोल्हे, सेकंड बेस." मग धनाजी स्वतःहूनच सांगू लागला की वर येण्याआधी बेस कॅम्पवरून घरी फोन केला होता, बायको माझ्यावर फार भडकली आहे, रजेतले चार दिवस टूर्नामेंटला घालवले म्हणून. तिने फोन आपटला. आता घरी जाताना ग्लोव्ह घालूनच जावं लागेल, काय फेकून मारेल नेम नाही. हसत होता. मीही हसलो.

आठ वाजता धातू. "लोखंडे, कॅचर." बरोबर. या लोखंडेचं त्याला कौतुक होतं. पिचरला समोर फक्त चेंडू झेलणारा कॅचर दिसतो, असं तो म्हणायचा.

नऊ वाजता मी विषय दिला, खायचा पदार्थ. बराच वेळ तारेवर नुसती खरखर. मग उत्तर आलं.

"लोखंडे, कॅचर."

मी म्हणालो, लोखंड खातोस काय, आऊट. तंबूतले सगळे हसले. तोही हसल्यासारखा वाटला.

दहा वाजता रंग. "लोखंडे." दुसरा आऊट.

अकरा वाजता मी विषय द्यायच्या आधीच तो म्हणाला, "लोखंडे." ओकेसुद्धा म्हणाला नाही. मी जाहीर केलं, तीन आऊट, बर्फाचं काम शेवाळेचं. तंबूत टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

साडेअकराला ढग खाली आले आणि वारा सुटला. बारा वाजता फोनवर गायकवाड होता.

"उस्ताद, ह्याला उभं राहता येईना. डावा बूट उजव्या पायात घालतोय. काय बोलतोय कळत नाही."

तेव्हा मला कळलं. सांगण्यात अर्थ नाही की कसं वाटलं. हातातला रिसीव्हर मी नीट ठेवला एवढं आठवतं. कॅप्टन साहेबांना रिपोर्ट दिला. सव्वाबाराला नर्सिंग असिस्टंट, मी आणि दोन जवान, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि इंजेक्शन घेऊन निघालो. दोन तासांचा चढ. समोरचा माणूस दिसत नव्हता, दोर हाताने चाचपत जायचं. दोनदा थांबावं लागलं. चार चाळीसला पोचलो. धनाजी तीन वीसला गेला होता. गायकवाडने त्याला स्लीपिंग बॅगेत मांडीवर घेतलेलं होतं आणि तो द्यायला तयार नव्हता.

मेंदूत पाणी झालं होतं. डॉक्टर साहेबांनी नंतर सांगितलं. सहाव्या दिवसापासूनच सुरुवात असावी, म्हणाले. चौकशीत मला वेळा विचारल्या, मी सांगितल्या. खेळाबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. डोकं जागं आहे की नाही ते ओळखायला मी एक साधन बनवलं होतं. त्या साधनाने नऊ वाजता चोख काम केलं आणि मी त्याला हसलो.

घरी पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की तो शूर होता, सगळ्यांचा लाडका होता, त्रास न होता गेला. आणखी दोन वाक्यं लिहिली. शेवटचे दोन दिवस तो गप्प होता. जेवणावरून त्याचं मन उडालं होतं. त्या दोन्हींत खोटं काही नाही. हसणं तेवढं गाळलं.

ते पत्र मागच्या रविवारी मी पुन्हा पाहिलं, जुरोंग ईस्टला, एका फूड सेंटरच्या टेबलावर, प्लास्टिकच्या पाकिटात.

स्नेहल शेवाळे, धनाजीची मुलगी. तो गेला तेव्हा एक वर्षाची होती. इथल्या विद्यापीठात पीएचडी करते, तिसरं वर्ष. जावयाने मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या पलटणीची बढाई मारली होती, मी नको म्हणत असताना. पत्राखालचं नाव तिच्याकडे होतंच. तिचा फोन आला. सेम्बावांगहून जुरोंग ईस्टला एकच लाईन जाते, गाडी बदलावी लागत नाही. वाटेत उतरून परत फिरायला बरीच स्टेशनं आहेत. मी ती सगळी मोजली आणि दहाला पाच कमी असताना पोचलो.

मुलगी वडिलांसारखी दिसते. कपाळ तेच. तिने मला चहा आणून दिला, काका म्हणाली, खाणार का विचारलं. मग पाकीट काढलं आणि ती दोन वाक्यं बोटाने दाखवली.

तिचं म्हणणं तिने शांतपणे सांगितलं. हे पत्र आलं त्या दिवशी घरात मोठ्याने वाचलं गेलं. फोनवरचं भांडण सगळ्यांना माहीत होतं. आजी म्हणाली, हिने त्याचं मन मोडलं, त्याने अन्न सोडलं आणि गेला. वर्षाच्या आत आईला माहेरी यावं लागलं. आजही सासरच्या लग्नाकार्याला बोलावणं नसतं. आई स्वतःही तेच मानते. चोवीस वर्षं.

"काका, बाबा खरंच आईच्या बोलण्याने गप्प झाले होते का? मला एवढंच हवंय. खरं असेल तर तसं सांगा."

माझ्या पत्राचं तिकडे काय झालं असेल, हा विचार मी कधी केलाच नव्हता. मी माझं लपवायला दोन वाक्यं लिहिली आणि त्यांच्याखाली एक बाई जन्मभर दबून राहिली. मी तिला सगळं सांगितलं. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. आऊट. टाळ्या.

स्नेहलने विचारलं, हवा कधी बिघडली. साडेअकरा, मी म्हणालो. चढ किती वेळाचा. दोन तासांचा.

"म्हणजे नऊ वाजता निघाला असतात तर वेळ होता."

"होता."

ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली की हे आईला तुम्ही सांगा, मी सांगितलं तर तिला वाटेल मी समजूत घालतेय. तिने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी नाव, हुद्दा सांगितला. वहिनी, म्हणालो, आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगितलं, वेळेसकट. मग पलीकडून आवाज आला.

"माझ्या भांडणाचं सांगताना ते हसले होते?"

"हसले होते, वहिनी. ग्लोव्ह घालून घरी जावं लागेल म्हणाला."

मग फोन बंद झाला.

मी फोन परत दिला. स्नेहलने सांगितलं की तिची आई कधीच आधी फोन ठेवत नाही. कुणाचाही असो, समोरच्याने ठेवेपर्यंत कानाला धरून बसते. शेजारी हसतात. आज पहिल्यांदा तिने ठेवला.

तो राग होता की सुटका, मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही. स्नेहलने फक्त एवढं मागितलं की हे लिहून द्या, सही करा, मला ते आजीच्या घरी वाचायचं आहे. म्हणून लिहिलं.

माझ्या जुन्या पत्रातली ती दोन वाक्यं रद्द समजावीत. त्यांच्या जागी असं वाचावं. लान्स नायक धनाजी शेवाळे, पिचर, कुणाच्या बोलण्याने गेला नाही. तो आजारी होता आणि नऊ वाजल्यापासून दर तासाला तसा रिपोर्ट देत होता. ऐकायला मी होतो.